हेल्पलाइनवरचा फोन ज्याला विषय कळतो त्याच्याकडेच जावा, यासाठी वेगवेगळे गट करावेत का?

तुम्ही लिहिलंय की ठिबकच्या हेल्पलाइनवर दहा जण आहेत. केळीवाल्याचा फोन बिलं बघणाऱ्याकडे जातो, बिलाचा फोन फिल्टरवाल्याकडे. म्हणून पाच-पाचचे दोन गट करायचा विचार आहे. मी जळगावात हेच काम बघतो. माझं मत, तसे गट करू नका.

हिशोबच बघा. तासाला 96 फोन, प्रत्येक सरासरी पाच मिनिटांचा. दहाही जण कुठलाही फोन घेत असतील तर माणसाला सरासरी मिनिटभर थांबावं लागतं. तेच 48-48 फोन पाच-पाच जणांत वाटले की थांबणं पावणेतीन मिनिटांच्या आसपास जातं. इकडे रांग लागलेली आणि तिकडे दोघं रिकामे बसलेले, असं होतं म्हणून. हे गणित एरलांग नावाच्या डॅनिश माणसाचं, 1917 सालचं, आजही कॉल सेंटरवाले तेच वापरतात.

मग सगळ्यांना सगळं शिकवायचं? तेही नको. वॉलेस आणि व्हिट या संशोधकांनी 2005 मध्ये कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून दाखवलं की प्रत्येकाला दोनच स्किल दिली तरी सगळ्यांना सगळं येण्याचा बहुतेक फायदा मिळतो. फक्त जोड्या एकमेकांत गुंतलेल्या हव्यात: एकाला केळी आणि फिल्टर, दुसऱ्याला फिल्टर आणि बिल, तिसऱ्याला बिल आणि कापूस. म्हणजे कुठेही गर्दी झाली की बाजूचा हात देतो.

फोन वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे स्किल आणि लेव्हल टाकता येते: एक म्हणजे त्या विषयात पक्का, दोन म्हणजे कामापुरतं येणारा. व्हेंच्युरी (ठिबकच्या पाण्यात खत ओढून सोडणारं साधन) खत ओढत नाही, असा फोन आला तर आधी लेव्हल एकवाल्यांत जो सगळ्यात जास्त वेळ मोकळा बसलाय त्याला जातो. तीस सेकंदांत कुणी मिळालं नाही तर लेव्हल दोनलाही खुला करायचा. ही तीस सेकंदांची मुदत लावायला बरेच जण विसरतात आणि मग शेतकरी त्या एका तज्ज्ञाची वाट बघत ट्यून ऐकत बसतो.

तुमच्या सगळ्यात हुशार माणसाला मात्र पाच स्किल देऊ नका. पाच रांगांतले फोन त्याच्यावर पडतात, तो दिवसभर बोलत राहतो आणि पुढच्या सीझनला दुसरीकडे नोकरी धरतो.

आपल्याकडे भाषा हेही स्किलच धरा. साक्री-अमळनेरकडचा म्हातारा शेतकरी ‘भाऊ, नळीमा पानी नही’ म्हणतो, तेव्हा अहिराणी येणारा माणूस निम्म्या वेळात मुद्द्यावर येतो. नवापूरकडे गुजराती लागते, बऱ्हाणपूरकडून फोन आला तर हिंदी. पण ‘भाषेसाठी एक दाबा’ असलं काही लावू नका. बांधावर उन्हात उभा असलेला माणूस मेनू ऐकत नाही, थेट माणसाशी बोलायला शून्य दाबतो. मागच्या वेळी कुठल्या भाषेत बोलला ते नंबरावर नोंदवून ठेवा, पुढच्या वेळी सिस्टिम आपोआप बघेल. मेनूत तीनच पर्याय ठेवा: नवीन खरेदी, संच चालत नाही, पैसे-अनुदान. बाकी फोन घेणारा माणूसच विचारून घेईल.

लेव्हल एकदा टाकून विसरायच्या नसतात. एप्रिल-मेमध्ये केळीला पाणी कमी पडलं की ड्रिपर चोकअपचे, म्हणजे थेंब सोडणारी तोंडं बुजल्याचे, फोन धोधो येतात, तेव्हा बिलवाल्यांतल्या दोघांना ते स्किल लेव्हल दोनवर चालू करा, नळ्यांतून अ‍ॅसिड सोडून त्या साफ करायची अ‍ॅसिड ट्रीटमेंट कशी सांगायची ते मार्चमध्येच शिकवून. जूनमध्ये कापूस लागवड सुरू झाली की परत बदला.

फोन संपल्यावर एजंट जो कोड टाकतो त्यात ‘चुकीच्या माणसाकडे आला’ असा एक कोड आजच घाला. महिनाभराने तो यादीत किती वेळा आणि कुठल्या पर्यायाखाली दिसतो ते बघा, आधी मेनूतला तो पर्याय दुरुस्त करा, माणसं नंतर हलवा.