दोन दिवस नाशिक? एवढंच करा

पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे त्र्यंबक, वणी, शिर्डी, सगळं दोन दिवसांत कोंबणं. मग नाशिक गाडीच्या काचेतूनच बघायचं! तुम्ही शहरातच रमा.

- स्टेशनजवळ मुक्काम नको. नाशिकरोडहून पंचवटी आठ-दहा किलोमीटर.
- मिसळ सकाळीच, रिकाम्या पोटी. पापड, दही येतंच. रस्सा आधी चमचाभर चाखा, मग ओता. शनिवार-रविवारी रांग गृहीत धरा.
- पांडवलेणी ऊन चढण्याआधी. पायऱ्या दम काढतात, पण तीन नंबरचं लेणं चुकवू नका.
- काळाराम मंदिर, डॉ. आंबेडकरांचा १९३० चा मंदिरप्रवेश सत्याग्रह इथलाच. तिथून रामकुंड चालत.

वायनरी संध्याकाळी, आणि परतायला रिक्षा-टॅक्सी आधीच ठरवून. चिवडा निघताना घ्या.