बंधपत्राचे वर्ष संपत आले आहे. त्याच केंद्रात कायम होता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर तुम्ही एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्राचे वर्ष, म्हणजे शासकीय महाविद्यालयात शिकल्याबद्दल करावी लागणारी सक्तीची शासकीय सेवा, करीत आहात आणि ते तीन महिन्यांत संपेल. पदव्युत्तर प्रवेशासाठी यंदा नंबर लागलेला नाही, शैक्षणिक कर्ज डोक्यावर आहे, आणि केंद्रातील कर्मचारी व गावकरी ‘डॉक्टर, इथेच राहा, तुमचे कायम होऊन जाईल’ असे सांगत आहेत. हे खरोखर होते का, असे तुम्ही विचारले आहे.

होत नाही. मी स्वतः याच वाटेने आले असल्यामुळे हे उत्तर गोडगोड न करता देत आहे. तुमचा नियुक्ती आदेश पुन्हा एकदा शेवटच्या अटीपर्यंत वाचा. नियुक्ती निव्वळ तात्पुरती असून तिच्या आधारे नियमित सेवेचा कोणताही हक्क सांगता येणार नाही, अशा अर्थाचे एक कलम त्यात असते आणि ते शोभेसाठी घातलेले नसते. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात स्पष्ट केले की, सार्वजनिक पदे जाहिरात देऊन, सर्वांना समान संधी ठेवूनच भरली पाहिजेत, आणि तात्पुरत्या किंवा कंत्राटी सेवेतील व्यक्तीला केवळ काही काळ काम केले म्हणून कायम होण्याचा अधिकार मिळत नाही. आपल्याकडे अस्थायी वैद्यकीय अधिकाऱ्यांना शासनाने विशेष निर्णय घेऊन सेवेत सामावून घेतल्याची उदाहरणे आहेत, त्यामुळे गावकऱ्यांची आशा अगदीच हवेतली नाही. परंतु ती माणसे त्या निर्णयासाठी वर्षानुवर्षे ताटकळली होती, आणि असा निर्णय पुन्हा होईल यावर कर्जाचे हप्ते अवलंबून ठेवता येत नाहीत.

माझे बंधपत्राचे वर्ष सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका केंद्रात गेले. वर्ष संपताच मी घरी परतायला हवे होते किंवा अभ्यासाला बसायला हवे होते, पण तेवढ्यात करोनाची साथ आली आणि मला अकरा महिन्यांचा कंत्राटी आदेश मिळाला. तो संपला, सेवा सलग धरली जाऊ नये म्हणून एका दिवसाचा तांत्रिक खंड पडला आणि पुन्हा अकरा महिन्यांचा आदेश आला. २०२० मध्ये मानधन वाढवले गेले होते आणि आदिवासी भागातील एमबीबीएस डॉक्टरला महिन्याला ७५,००० रुपये, तर इतर भागात ७०,००० रुपये मिळू लागले होते. पंचविशीतल्या माणसाला हा आकडा मोठा वाटतो, कारण कायम वैद्यकीय अधिकाऱ्याचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते आणि नुसते आकडे पाहिले तर कंत्राटी माणूसच वरचढ दिसतो. मूळ वेतनावर मिळणारे महागाई भत्ता व घरभाडे भत्ता, दरवर्षीची वेतनवाढ, अर्जित रजा, प्रसूती रजा आणि निवृत्तिवेतनासाठी शासन घालत असलेला हिस्सा या गोष्टी त्या तुलनेत धरायच्या असतात, हे मला उशिरा उमगले. (१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन आपोआप मिळत नाही, हेही लक्षात असू द्या, घरातील ज्येष्ठांच्या मनात अजून तेच असते.)

त्या काळात जिल्ह्याच्या कार्यालयातील एक अधिकारी मला दर बैठकीत ‘तुमचे काम चांगले आहे, तुमच्यासाठी प्रयत्न करू’ असे म्हणत असत. ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही. परंतु मला कायम करणे त्यांच्या हातातच नव्हते आणि रिक्त पदावर कोणीतरी हजर असणे ही त्यांची खरी गरज होती. ही व्यवस्था नीट समजून घ्या. दरवर्षी नवे बंधपत्रित डॉक्टर येतात, रिकाम्या जागा त्यांच्यावर निभावतात, आणि ज्या दिवशी बदलीने किंवा नव्या भरतीने नियमित अधिकारी त्या जागी हजर होतो, त्या दिवशी कंत्राटी डॉक्टरची गरज संपते. माझ्या बाबतीत ते एका सोमवारी दुपारी घडले. बाह्यरुग्ण विभाग आटोपून मी बाहेर आले, तेव्हा नवे डॉक्टर रुजू अहवाल हातात घेऊन माझ्याच दालनात बसले होते.

त्याआधी निघालेली एक जाहिरात मी अर्ज करूनही गमावली होती, आणि त्याचे कारण तुम्हाला मुद्दाम सांगते. माझे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र विहित मुदतीत वैध नव्हते. केंद्रापासून आमचे तहसील कार्यालय दोनशे किलोमीटरवर, लसीकरण मोहीम चालू आणि दुसरा वैद्यकीय अधिकारी रजेवर, त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ असे म्हणत मी दोन महिने घालवले. तुमच्या हातात आहेत ते तीन महिने प्रथम यासाठी खर्च करा. अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातवैधता व नॉन-क्रिमिलेअर, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, आंतरवासिता पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची कायम नोंदणी हे सर्व एका फायलीत मूळ प्रतींसह असले पाहिजे. कार्यमुक्तीचा आदेश आणि सेवा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय केंद्र सोडू नका, आणि त्यावरील तारखा हजेरीपत्रकाशी जुळवून पाहा. विनापरवानगी गैरहजेरीचे चार दिवस राहून गेले, तर बंधपत्र पूर्ण झाले की नाही यावरून महाविद्यालय मूळ कागदपत्रे अडवून धरू शकते, आणि दंडाची रक्कम १० लाख रुपये असल्यामुळे हा वाद किरकोळ राहत नाही. आणखी एक गोष्ट, जी नोकरीशी थेट संबंधित नाही पण पुढे उपयोगी पडेल: तुम्ही केलेल्या शवविच्छेदनांची आणि वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणांची टिपणे स्वतःजवळ ठेवा, कारण न्यायालयाचे समन्स चार-पाच वर्षांनी, तुम्ही जेथे असाल तेथे शोधत येते.

आता कायम नोकरीचे खरे मार्ग. पहिला मार्ग राज्याच्या आरोग्य सेवेतील गट-अ वैद्यकीय अधिकारी पदाचा. ही भरती नियमितपणे होत नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष आहे. कधी लोकसेवा आयोगामार्फत तर कधी विभागाच्या निवड मंडळामार्फत, अशी तिची पद्धतही बदलत राहिली आहे, म्हणून मागच्या वेळी काय झाले यावर विसंबून न राहता प्रत्येक जाहिरात मुळापासून वाचावी लागते. २०२४ च्या सुरुवातीला १,७२९ पदांची जाहिरात आली आणि मी त्या भरतीतून सेवेत आले. अर्जासाठी तेव्हा जेमतेम दोन आठवडे मिळाले होते. ज्यांची फाईल तयार होती त्यांनीच ते निवांतपणे वापरले. या मार्गाकडे वळण्याचे आणखी एक कारण आहे. २०२२ पासून राज्याने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात सेवेतील उमेदवारांसाठी २० टक्के जागा ठेवल्या आहेत. किती वर्षांची आणि कोणत्या भागातील सेवा लागते, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहा.

दुसरा मार्ग केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त वैद्यकीय सेवा परीक्षेचा. ती दरवर्षी होते, आणि माझ्या मते तुमच्या परिस्थितीत तिचा विचार सर्वांत आधी करायला हवा. प्रत्येकी २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आणि १०० गुणांची मुलाखत असते. सर्वसाधारण गटासाठी वयाची अट ३२ वर्षांची, तर केंद्रीय आरोग्य सेवेतील पदांसाठी ३५ वर्षांची आहे. रेल्वे आणि केंद्रीय आरोग्य सेवा यांतील पदे तिच्यातून भरली जातात. तिच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत सामुदायिक वैद्यकशास्त्र हा विषय असतो, आणि महाविद्यालयात ज्या विषयाला आपण सर्वांनीच टाळले होते तो तुम्ही आज रोज जगत आहात. लसींच्या शीतपेटीचे तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेल्यावर काय करायचे, हे शहरातील उमेदवार पाठ करतो. तुम्ही ते रात्री वीज गेल्यावर केलेले असते. मुलाखतीतही या वर्षाविषयीच विचारले जाण्याची शक्यता आहे, तेव्हा केलेली बाळंतपणे, सर्पदंशाचे रुग्ण, क्षयरोगाचे पाठपुरावे यांचे आकडे केंद्राच्या नोंदवहीतून आताच उतरवून ठेवा.

खासगी रुग्णालयातील निवासी डॉक्टरची नोकरी तुम्हाला जिल्ह्याच्या गावी आठवडाभरात मिळेल. ती कायम नसते, पण हप्ते भरते. रात्रपाळी आठवड्यातून तीनच घ्या, नाहीतर अभ्यासाचे नाव राहील आणि झोपच काढाल.

कंत्राटी मुदतवाढीचा आदेश तुमच्याकडे बहुधा येईलच. कर्ज आहे म्हणून तो घ्यावा लागला तर एकदा घ्या, दुसऱ्यांदा मात्र घेऊ नका. आणि घेताना रुजू होण्याआधीच, परीक्षेच्या दिवशी आणि कागदपत्र पडताळणीच्या दिवशी रजा मिळावी असा लेखी अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या आणि त्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्या.