‘मयत’ शेरा मारून टपाल परत पाठवण्याआधी पाकिटावरचा फोलिओ नंबर बघा

तुम्ही लिहिलंय की बाबांना जाऊन दीड वर्ष झालं तरी टपालपेटी त्यांच्याच नावाच्या पाकिटांनी भरते, प्रत्येक पाकीट हातात घेतलं की आई दिवसभर गप्प होते, म्हणून आता पोस्टमनला सांगायचं की या नावाचं सगळं ‘मयत’ असा शेरा मारून परत ने. आईची अवस्था मी समजू शकतो, आमच्याकडे हेच झालं होतं. पण हे एवढं करू नका. निदान सगळी पाकिटं उघडून होईपर्यंत तरी नको, त्यात बाबांच्या जुन्या शेअरची पत्रं असू शकतात.

जाहिराती, क्लासचे पत्रक, फर्निचरचे सेल यावर वेळ घालवत नाही. पेपरात घातलेली पत्रकं पेपरवाला पहाटे गठ्ठे लावताना घालतो, त्याला सांगितलं तर तो बहुतेक वेळा ऐकतो. नाव-पत्ता नसलेली जाहिरातपत्रं पोस्टातूनही वाटली जातात, त्यासाठी टपालखात्याची ‘डायरेक्ट पोस्ट’ नावाची अधिकृत सेवाच आहे, तेव्हा पोस्टमनवर रागावू नका. आणि १९०९ वर नोंदणी करून हे थांबेल असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. ती सोय कॉल आणि एसएमएसपुरती आहे, कागदी टपालासाठी आपल्याकडे तसलं काही नाही.

तुमचा खरा ढीग वेगळा आहे. बाबांच्या पिढीने पब्लिक इश्यूला अर्ज भरून पाच-पन्नास शेअर घेतले, सर्टिफिकेटं कपाटात ठेवली आणि विसरले. त्या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला दोन-चार पत्रं येतात. पूर्वी जाडजूड वार्षिक अहवाल यायचे. आता ज्यांचा ईमेल नोंदलेला नाही त्यांना अहवालाची लिंक दिलेलं साधं पत्र येतं. त्यासोबत केवायसी (ओळख, पत्ता, बँक खात्याची नोंद) पूर्ण करा, नॉमिनेशन द्या, पॅन कळवा ही स्मरणपत्रं. पातळ कागद, दोन्ही बाजूंनी बारीक छपाई, बघणाऱ्याला वाटावं रद्दीच आहे. पण पाकिटाच्या खिडकीतून नावाच्या वर किंवा खाली फोलिओ नंबर, म्हणजे कंपनीकडचा शेअरधारकाचा खाते क्रमांक, दिसतो, आणि फोलिओ नंबर आहे म्हणजे आत पैसा आहे.

१ एप्रिल २०२४ पासून ज्या कागदी फोलिओची केवायसी अपुरी आहे त्याचा डिव्हिडंड (लाभांश) कंपनी रोखून ठेवते. केवायसी झाली की तो थेट खात्यात येतो. सात वर्षं न घेतलेला डिव्हिडंड सरकारच्या आयईपीएफ या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो, आणि सलग सात वर्षं काहीच घेतलं नाही तर शेअरसुद्धा तिकडे जातात. जाण्याआधी तीन महिने कंपनीने नोंदलेल्या पत्त्यावर नोटीस पाठवायची असते आणि वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची असते. ती जाहिरात तुम्ही वाचणार नाही, कुणीच वाचत नाही. नोटीस मात्र घरी येते, आणि तुम्ही पोस्टमनला परत न्यायला सांगताय त्यातलंच एखादं पाकीट ते असू शकतं. निधीत गेलेले शेअर परत मिळतात, पण त्यासाठी आयईपीएफ-५ फॉर्म, कंपनीची पडताळणी, मग प्राधिकरण, एवढं सगळं करावं लागतं. शेरा मारून परत गेलेलं पाकीट फोलिओ बंद करत नाही. तुम्हाला फक्त कळायचं थांबतं.

म्हणजे टपाल कमी करण्याचा रस्ता फोलिओ वारसाच्या नावावर करून डीमॅट (कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात) करणं हा आहे. दुसरा मला माहीत नाही.

आता ज्याने आम्हाला सगळ्यात जास्त पिळलं ते सांगतो. कंपन्यांच्या शेअरधारकांच्या नोंदी सांभाळणारं, रजिस्ट्रार म्हणून काम करणारं एक कार्यालय, नाव घेत नाही. सुरुवातीला आमची मागणी साधी होती: वडील वारले आहेत, दाखला सोबत जोडला आहे, पुढचा पत्रव्यवहार या ईमेलवर करा. उत्तर आलं, कागदीच आलं, की ईमेल नोंदवण्यासाठी खातेदाराची सही असलेला अर्ज पाठवावा. मृत्यू दाखला जोडलेल्या पत्राला हे उत्तर! मी ते पत्र आईला दाखवलंच नाही.

मग रीतसर वारसाहक्काने नाव बदलण्याचा अर्ज केला. त्याला ट्रान्समिशन म्हणतात. त्यावर छापील त्रुटीपत्र आलं: दहा-बारा ओळींची यादी, एका चौकोनात पेनाने टिक. सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावाची आद्याक्षरं आणि आडनाव, दाखल्यावर पूर्ण तीन नावं, पॅनवर क्रम उलटा. ही अडचण महाराष्ट्रात घरोघरी आहे. तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. स्टँप पेपर, नोटरी, स्पीडपोस्ट. मग तेच छापील पत्र, टिक दुसऱ्या चौकोनात: हमीपत्राचा (उद्या कुणी दुसरा हक्क सांगितला तर भरपाई आम्ही देऊ, असं लिहून देतात ते) मजकूर आमच्या नमुन्यात नाही. नमुना पहिल्या वेळी का नाही दिला? पुन्हा स्टँप पेपर. मग टिक तिसऱ्या चौकोनात: बहिणीची ना-हरकत नोटरीसमोर हवी. बहीण बंगळुरूला. प्रत्येक वेळी फोनवर वेगळी व्यक्ती, प्रत्येक वेळी ‘सर, फाइल प्रोसेसमध्ये आहे’. पहिल्याच दिवशी सगळे कागद त्यांच्या टेबलावर होते, तिन्ही टिका त्यांना एकदम करता आल्या असत्या. अजूनही चीड येते, कारण कित्येक घरांत या टप्प्यावर लोक कंटाळून सोडून देतात आणि आईचे हक्काचे पैसे तसेच राहतात.

सगळ्या त्रुटी एकाच वेळी कळवाव्यात असं शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनेच रजिस्ट्रारना सांगितलेलं आहे. त्यामुळे दुसरं त्रुटीपत्र आलं की तिसऱ्याची वाट बघू नका. आधी कंपनीच्या कंपनी सेक्रेटरीला ईमेल करा (पत्ता वेबसाइटवर गुंतवणूकदारांच्या पानावर असतो), मग सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार टाका. तिथे कंपनीला २१ दिवसांत काय कार्यवाही केली ते कळवावं लागतं. आम्ही सर्व त्रुटीपत्रं तारखेच्या क्रमाने एका पीडीएफमध्ये जोडली, वर चार ओळी लिहिल्या, शिवीगाळ नाही, दुःखाची कहाणी नाही. त्यानंतर त्याच कार्यालयातून स्वतःहून फोन आला. म्हणूनच पाकिटं फेकू नका म्हणतोय. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का हासुद्धा पुरावा असतो.

तुमचं काम आमच्यापेक्षा हलकं असू शकतं. सर्टिफिकेटवर दुसरं नाव आईचं असेल तर फक्त बाबांचं नाव वगळायचं आहे, वारस वगैरे प्रश्नच नाही. नॉमिनेशन असेल तर नाव बदलण्याचा आयएसआर-५ फॉर्म, मृत्यू दाखला आणि नॉमिनीची ओळखपत्रं, मुख्यतः एवढ्यावर भागतं. दोन्ही नसेल, पण त्या एका कंपनीतल्या कागदी शेअरची किंमत ५ लाखांच्या आत असेल, तर सक्सेशन सर्टिफिकेटसाठी (वारस असल्याच्या कोर्टाच्या दाखल्यासाठी) कोर्टात जायची गरज नसते. इतर वारसांची ना-हरकत आणि नोटरी केलेलं हमीपत्र यावर काम होतं. डीमॅटमधल्या शेअरसाठी हीच मर्यादा १५ लाख आहे. मी वकील नाही, सीए नाही. वारसांमध्ये वाद असेल किंवा मृत्युपत्र असेल तर माझं ऐकून काही करू नका, वकिलाकडे जा.

एजंटांबद्दल माझं मत कडक आहे. ‘जुने शेअर सोडवून देतो, वीस टक्के द्या’ म्हणणारे फोन तुम्हालाही येतील. आयईपीएफमध्ये गेलेल्या खात्यांच्या याद्या कंपन्यांच्या वेबसाइटवर उघड असतात, तिथून ते नावं उचलतात. मूळ सर्टिफिकेट यांच्या हातात देऊ नका. हे कुणाला पटणार नाही, वेळ नसलेल्यांना एजंट लागतो हेही खरं, पण आधी एक फोलिओ स्वतः करून बघा. बाकीच्या फोलिओंना बहुतेक तसेच कागद लागतात, म्हणून मृत्यू दाखल्याच्या साक्षांकित प्रती आधीच भरपूर काढून ठेवा.

बाकी टपालाचं थोडक्यात. बँकेतलं संयुक्त खातं असेल तर शाखेत जाऊन बाबांचं नाव काढून घ्या आणि त्याच वेळी कागदी स्टेटमेंट बंद करायचा अर्ज द्या, फोनवर सांगून होत नाही. विमा कंपनीचं प्रीमियमचं स्मरणपत्र आलं तर ते नीट वाचा, दावा न केलेली पॉलिसी त्यातून सापडते. महावितरणचं बिल छापलेल्या गो-ग्रीन क्रमांकाने ईमेलवर घेता येतं, दर बिलामागे १० रुपये सूटही आहे. पण मीटर अजून बाबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करा, नंतर ते राहून जातं.

रद्दी देताना पत्त्याची आणि पॅन, फोलिओ, खाते क्रमांकाची पट्टी फाडून बारीक तुकडे करा. मृत माणसाची कागदपत्रं वापरून फसवणूक होते आणि घरच्यांना ती कळायला फार उशीर होतो.

आत्ता एवढंच करा: आईला दिसणार नाही अशी एक खोकी ठेवा, टपालपेटीची किल्ली तुमच्याकडे घ्या, आणि आलेल्या पाकिटांवरून कंपनी, फोलिओ नंबर, दुसरं नाव, नॉमिनेशन अशी वही करा. दुसरं नाव आणि नॉमिनेशन या दोन रकान्यांत काय आलं ते इथे सांगा. फोलिओ नंबर आणि पत्ता मात्र टाकू नका. कोणता फॉर्म लागेल हे त्यावरून सांगता येईल.