सिटीज: स्कायलाइन्समध्ये नागपूरसारखं शहर मांडताना झोन कसे आखावेत?

सिटीज: स्कायलाइन्स हा शहर बांधायचा कॉम्प्युटर गेम आहे; त्यात कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे उद्योग ते जमिनीवर रंगाने झोन आखून ठरवतात. इथलं सगळं गेमच्या पहिल्या भागाबद्दल आहे, दुसऱ्या भागात (सिटीज: स्कायलाइन्स २) वेगळं असेल तिथे तसं म्हटलंय. तुम्ही लिहिलंय की झिरो माइल (नागपूरच्या मध्यातला मैलाचा खांब) मधोमध धरून चारी दिशांना रस्ते काढले, लोकसंख्या आठ-दहा हजार होईपर्यंत सगळं सुरळीत होतं, आणि आता मधल्या चौकात ट्रकची रांग लागून दुकानांवर 'विकायला माल नाही' असं चिन्ह येतंय. दुकानांची मागणी दाखवणारी निळी पट्टी भरलेली दिसते म्हणून तुम्ही आणखी दुकानांचा झोन रंगवताय. ते आधी थांबवा. प्रत्येक नव्या दुकानामागे त्याच चौकातून जाणारे ट्रक वाढतात.

झोनची जागा ट्रकच्या वाटेवरून ठरवायची असते. पिवळ्या झोनमध्ये म्हणजे उद्योगात माल तयार होतो, निळ्यात म्हणजे दुकानांत विकला जातो, उरलेला महामार्गाने बाहेर जातो आणि कमी पडलेला तिकडूनच येतो. घरांकडे मालाचे ट्रक जात नाहीत. म्हणून महामार्गाला लागून उद्योग, त्याला खेटून दुकानं आणि त्यांच्या पलीकडे घरं हा क्रम ठेवा. दुकानं आणि घरं यांच्यामध्ये ऑफिसची एक पट्टी घाला. ऑफिसला माल लागत नाही, त्याचं प्रदूषण नाही की आवाज नाही, उलट दुकानांचा गोंगाट तिथेच अडतो. ऑफिसची मागणीही पिवळ्या पट्टीतच दिसते, त्यामुळे ती पट्टी वर गेली की दरवेळी कारखानेच टाकले पाहिजेत असं नाही. फक्त ऑफिसला शिकलेले लोक लागतात. आसपास हायस्कूल नसेल तर कामगार मिळत नसल्याची तक्रार लगेच येते.

आता तुमच्या चौकाचं. या गेममधली गाडी अंतर आणि वेगमर्यादा बघून वाट निवडते. समोर किती गर्दी आहे ते तिला दिसत नाही. सगळे रस्ते मध्यावर आणून सोडलेत, तर पूर्वेकडून पश्चिमेला जाणारा ट्रकही बर्डीतूनच (सीताबर्डी, शहराचा मध्य) जाणार, मग तिथे अर्धा तास अडकला तरी चालेल. खऱ्या नागपुरात रिंग रोड आहे तो याचसाठी. गेममध्ये साध्या दोन पदरी रस्त्याची वेगमर्यादा ४०, सहा पदरीची ६० आणि महामार्गाची १०० आहे. त्यामुळे बाहेरून महामार्गाचा रिंग टाकला की अंतर थोडं वाढलं तरी ट्रक आपणहून तिकडे वळतात. रिंग सहा पदरी रस्त्याचा केलात आणि त्यावर दर दहा-बारा सेलला (सेल म्हणजे जमिनीच्या जाळीतला एक चौकोन) गल्ली जोडलीत, तर मात्र तो रिंग राहत नाही. तो फक्त एक लांबलचक बाजार होतो.

उद्योगासाठी महामार्गावरून स्वतंत्र उतार द्या आणि चढही वेगळा द्या. उतार संपल्यावर पहिला चौक निदान २०-२५ सेल लांब असू द्या. गाड्या पुढच्या वळणाची लेन फार आधी पकडतात, म्हणून उतरल्या उतरल्या चौक आला की सहापैकी एकच लेन भरते आणि रांग थेट महामार्गावर जाते. लोक यावर रस्ता रुंद करतात, त्याने काही होत नाही. उपाय दुसरा उतार हाच. मोठे रस्ते एकमेकांना भेटतात तिथे सिग्नल आपोआप बसतो, आणि गल्ली मुख्य रस्त्याला मिळते तिथेही बरेचदा तो लागलेला असतो. वाहतुकीच्या माहिती दृश्यात जाऊन असे फुकटचे सिग्नल काढून टाका.

मापांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जागा इथेच वाया जाते. एक सेल म्हणजे ८ मीटर. पहिल्या भागात रस्त्याच्या प्रत्येक बाजूला ४ सेल खोलपर्यंत झोन मिळतो. लहान रस्ता २ सेल रुंद, मध्यम आणि मोठा दोन्ही ४ सेल. म्हणून दोन समांतर लहान रस्ते मध्यापासून मध्यापर्यंत १० सेलवर ठेवले की मधल्या ८ सेलमध्ये पाठीला पाठ लावून दोन ओळी नेमक्या बसतात. दोन्ही मोठे असतील तर १२, एक लहान एक मोठा असेल तर ११. मधून पायवाट न्यायची असेल तर एक-दोन सेल जास्त सोडा, आणि ती जरूर न्या. इथली माणसं चालायला कंटाळत नाहीत, घरांपासून दुकानांपर्यंत सलग पायवाट असली की कितीतरी गाड्या रस्त्यावर येतच नाहीत. दुसऱ्या भागात झोनची खोली ६ सेल आहे, तिथे हेच १० चे १४ होतात.

ब्लॉक चौरस करू नका. १० बाय १० च्या जाळीत चौकच चौक होतात. १० बाय ३५-४० असा लांबट ब्लॉक घ्या आणि त्याची अरुंद बाजू मुख्य रस्त्याकडे ठेवा. कोपऱ्यावर दोन रस्त्यांचे सेल एकमेकांवर येतात तेव्हा आधी बांधलेल्या रस्त्याची जाळी टिकते. म्हणून ज्या रस्त्याकडे तोंड करून इमारती हव्यात तो आधी बांधा. नाग नदीच्या काठाने वळणदार रस्ता काढलात तर जाळी फाटणारच. त्या तिरक्या तुकड्यांत झाडं आणि बागा टाका. महामार्गाच्या आणि पुलावरच्या रस्त्याच्या कडेला झोन मिळत नाही, हे जमीन मोजताना धरून ठेवा.

प्रदूषणाबाबत खऱ्या शहराकडेच बघा. हिंगणा एमआयडीसीला आज घरं येऊन भिडली आहेत, बुटीबोरी मात्र वर्धा रोडवर शहरापासून लांब आहे. गेममध्ये बुटीबोरीसारखं करा. पहिल्या भागात कारखान्यांचं प्रदूषण जमिनीत मुरतं, कारखाना पाडला तरी लगेच जात नाही, आणि त्यावर घरं रंगवली की लोक आजारी पडतात. दुसऱ्या भागात धूर वाऱ्याबरोबर वाहतो, तेव्हा तिथे वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय पिवळं रंगवू नये. पाण्याचंही तसंच: नाग नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, तशीच नदी तुमच्या नकाशावर असेल तर पाण्याचा पंप पश्चिमेला आणि सांडपाण्याचा पाइप पूर्वेला. उलटं केलंत तर अख्खं शहर एकदम आजारी पडतं.

रेल्वे आणायचा मोह होईल, नागपूर म्हटलं की तो होतोच. रूळ जमिनीवरून नेऊन रस्त्याला छेद दिला की फाटक तयार होतं, आणि मालगाड्या वाढल्या की ते उघडं कमी आणि बंद जास्त असतं. घरं रंगवण्याआधीच रुळांवरून पुलाची जागा राखून ठेवा. मालाचं स्टेशन उद्योगाच्या आत ठेवा, महामार्गाच्या त्याच उतारावर नको. नाहीतर ट्रक कमी व्हायच्या ऐवजी एकाच जागी गोळा होतात.

तुमचं आत्ताचं शहर पाडायची गरज नाही. खेळ थांबवून उद्योगाला महामार्गाचा नवा उतार जोडा, मग उद्योगातून मध्यावर येणारा थेट रस्ता तोडा आणि तिथे फक्त पायवाट आणि बसचा रस्ता ठेवा. दुकानांचा निम्मा झोन उद्योगाच्या कडेला हलवा. रांग विरायला थोडा वेळ लागतो, तोवर नवं काही रंगवू नका.

त्यानंतर हिरवं, म्हणजे घरांचा झोन, रंगवतानाही एकावेळी दोन-तीन ब्लॉकच घ्या. भरायचं साधन वापरून एकदम अख्खा भाग रंगवला की जवळपास एकाच वयाची माणसं राहायला येतात, आणि काही वर्षांनी एकदमच मरतात. मग शववाहिका पुरत नाहीत आणि घरं ओस पडतात. लोक ते स्मशानं कमी पडल्याचं समजतात.

नवा नकाशा सुरू करणार असाल तर पहिल्याच पानावर डावीकडून वाहतुकीची खूण करा, नंतर ती बदलता येत नाही.