एके घेण्यापूर्वी

काउंटर-स्ट्राइक हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम नव्याने खेळू लागणाऱ्यांनी खऱ्या बंदुकांविषयीचे ज्ञान थोडे बाजूला ठेवूनच खरेदी करावी, असे मी सुचवेन. मिखाईल कलाश्निकोव्ह यांच्या आराखड्यावर बेतलेली एके-47 येथे खेळातल्या 2700 डॉलरना मिळते, तिच्या मॅगझिनमध्ये खऱ्यासारख्याच 30 गोळ्या असतात आणि हेल्मेट घातलेला गडीही डोक्यात लागलेल्या तिच्या एकाच गोळीने पडतो. एम4ए4 या दुसऱ्या रायफलला मात्र तेथे दुसरी गोळी लागते. परंतु एकेचा ट्रिगर दाबून ठेवला, तर नेम आधी वर चढतो आणि मग आडवा भरकटतो, म्हणून कोऱ्या भिंतीवर अख्खे मॅगझिन रिकामे करून त्या छिद्रांची नक्षी पाठ करावी, आणि धावता धावता गोळी झाडण्याचा मोह टाळावा. (जुन्या 1.6 आवृत्तीत हिचे नाव सीव्ही-47 होते आणि प्रत्यक्षात उजवीकडे असणारा बोल्ट, म्हणजे गोळी चढवणारा सरकता भाग, चक्क डावीकडे दिसे.) एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलचे नाव आर्क्टिक वॉरफेअर या खऱ्या रायफलच्या पोलीस आवृत्तीचे असले, तरी खेळातील बंदूक .338 लापुआ गोळीच्या मॅग्नम आवृत्तीवर बेतली आहे. ती 4750 डॉलरची असून मेल्यावर हातची जाते, तेव्हा पहिले काही आठवडे ती संघातील जाणत्यालाच घेऊ द्यावी.