बिनीचा शिलेदार नेमका कोण?

प्रश्न : निवडणुकीच्या बातम्यांत नेत्याच्या खास माणसाला ‘बिनीचा शिलेदार’ म्हणतात, क्रिकेटमध्ये ‘बिनीची जोडी’ असते. ही बिनी कोणती? काही ठिकाणी ‘बिन्नीचा’ असंही छापलेलं दिसतं.

उत्तर : बिन्नी हे रॉजर बिन्नींचं आडनाव. आपला शब्द बिनी, एका ‘न’चा. फारसीत बीनी म्हणजे नाक. कूच करताना सैन्याच्या नाकाशी, म्हणजे सगळ्यांत पुढे चालणारी तुकडी ती बिनी. पिछाडीच्या तुकडीला चंदावल म्हणत. तो शब्द मात्र बोलण्यातून गेलाच.

बिनीला लढाईइतकंच महत्त्वाचं दुसरं काम असे, ते पुढचा तळ ठरवण्याचं. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने ते नोंदवून ठेवलंय. बिनीवाला सकाळीच पुढे जाई आणि महाराजांचे डेरे जिथे पडायचे तिथे एक लहान पांढरं निशाण रोवी. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणं शक्य तितकी सरळ रेषेत लागत आणि दुकानं दोन रांगांत उभी राहत. मागून येणाऱ्याने आपलं निशाण शोधायचं, की मुक्काम सापडला. पेशव्यांचे सरदार विसाजी कृष्ण चिंचाळकर यांना ‘बिनीवाले’ म्हणतात ते याच बिनीवरून; १७६९ नंतरच्या उत्तरेतल्या स्वारीत ते होते आणि १७७२ च्या जानेवारीत बादशहा शाहआलम मराठ्यांच्या बळावर दिल्लीत परतला. तेव्हा पहिल्या चेंडूला सामोरं जाणाऱ्या सलामीवीरांना ‘बिनीचे फलंदाज’ म्हणणं अगदी चपखल आहे.

गडबड आहे ती ‘शिलेदार’मध्ये. मूळ शब्द सिलाहदार, म्हणजे शस्त्र बाळगणारा. शिलेदार घोडा आणि हत्यारं स्वतःची घेऊन चाकरीला येई. याउलट बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा), एक नालबंद. शिवाजी महाराजांचा भर या पागेवर होता. शिलेदारांनी पागेच्या हुकमात राहायचं, असा दंडक होता. कारण उघड आहे. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची रोजीरोटीच गेली, म्हणून तो जपून लढणार. शिवाय घोडा त्याचाच, उद्या दुसऱ्याच्या चाकरीलाही जाईल.

म्हणजे नेत्याच्या शब्दाबाहेर नसलेल्या, त्याच्याच तिकिटावर निवडून आलेल्या कार्यकर्त्याला खरं तर ‘बारगीर’ म्हणायला हवं. अर्थात तसं छापलं तर तो दुसऱ्या दिवशी संपादकांच्या दारात उभा राहील! आज रूढ झालेला अर्थ चूक ठरवण्यात हशील नाही. पण स्वतःचं बळ घेऊन पक्षात आलेल्या माणसाबद्दल लिहाल, तेव्हा ‘शिलेदार’ जुन्या अर्थानेही बसेल. आणि मागे राहून सूत्रं हलवणाऱ्याला ‘बिनीचा’ हे विशेषण लावू नका.

प्रश्न : बंगाली अंगाईगीतांतल्या ‘बर्गी’चा बारगिराशी संबंध आहे का?

उत्तर : आहे, तो बारगीरच. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या केल्या. तिथल्या लोकांना पागा आणि शिलेदार हा भेद कुठला कळायला? लुटायला आलेला प्रत्येक मराठा स्वार त्यांच्या लेखी बर्गी, आणि मुलांना निजवताना भीती दाखवायलाही तोच.