पोलीस अधिकारी राजदूत कसा होतो?

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे. त्र्यंबक रस्त्याने पोलीस अकादमीवरून जाताना तिने विचारले, की सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन सायप्रसमध्ये उच्चायुक्त झाले ते कोणत्या परीक्षेने? मला उत्तर देता आले नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : त्यासाठी परीक्षा नाही. राजदूत बहुधा परराष्ट्र सेवेतलेच असतात. परंतु सेवेबाहेरच्या व्यक्तीला नेमण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि अशी नेमणूक ही बढती नसून सरकारने त्या व्यक्तीवर टाकलेला विश्वास असतो. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार त्या नावाला यजमान देशाची संमती आधी मिळवावी लागते. सायप्रस राष्ट्रकुलात असल्याने तेथील आपल्या राजदूतास उच्चायुक्त म्हणतात, एवढेच.

राघवन तामिळनाडू केडरचे. १९९१ मध्ये श्रीपेरुंबुदूरच्या ज्या सभेत राजीव गांधींची हत्या झाली, तेथील बंदोबस्ताची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुढे जानेवारी १९९९ मध्ये ते सीबीआयचे संचालक झाले आणि क्रिकेटमधील सामनानिश्चितीचा तपास त्यांच्याच कारकिर्दीत झाला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात दंगलींतील नऊ प्रकरणांसाठी नेमलेल्या विशेष तपास पथकाचे ते प्रमुख होते; २०१७ मध्ये न्यायालयाने त्यांना या कामातून मुक्त केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सायप्रसची नेमणूक जाहीर झाली. इतक्या नाजूक तपासानंतर सरकारी पद देण्याआधी ठरावीक काळ जाऊ द्यावा, असे मला मनापासून वाटते. अधिकाऱ्याच्या सचोटीवर शंका म्हणून नव्हे, तर त्याने केलेल्या तपासाकडे कोणी बोट दाखवू नये म्हणून.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण ज्युलिओ रिबेरो यांचे. मुंबईचे पोलीस आयुक्त, मग पंजाबचे पोलीस महासंचालक आणि १९८९ पासून रुमानियात राजदूत, असा त्यांचा प्रवास झाला. पंजाबातले वैर मात्र तिथवर त्यांच्या मागे गेले आणि १९९१ मध्ये बुखारेस्टमध्ये त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यातून ते बचावले.

मुलीला एक आवर्जून सांगा. नाशिकच्या अकादमीत राज्य लोकसेवा आयोगामार्फत निवडलेले उपअधीक्षक व उपनिरीक्षक घडतात. भारतीय पोलीस सेवेचे अधिकारी हैदराबादला शिकतात. पोलीस आणि परराष्ट्र या दोन्ही सेवांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा एकच असते, आणि गुणवत्ता क्रमांक व उमेदवाराचा पसंतिक्रम पाहून सेवा मिळते. तिला परदेशात देशाचे काम करायचे असेल, तर पसंतिक्रमात परराष्ट्र सेवाच पहिली लिहावी.